कार्यस्थळ आणि हृदयविकाराचा प्रतिबंध : महाविद्यालयीन कामकाजाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

दरवर्षी २९ सप्टेंबर रोजी जागतिक हृदय दिन पाळला जातो. त्या निमित्ताने अनेक महाविद्यालयांत तज्ज्ञ डॉक्टरांचे व्याख्यान आयोजित केले जाते. तेलकट पदार्थ टाळावेत, तंबाखू सोडावी, पहाटे फिरावयास जावे, मन शांत ठेवावे असा उपदेश होतो. आभारप्रदर्शन होते, चहा आणि बटाटेवडा दिला जातो आणि श्रोते आपापल्या खुर्चीकडे परततात. या उपदेशात चुकीचे असे काही नसते. मात्र त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. हृदयविकार व्यक्तीच्या घरगुती सवयींतून उद्भवतो आणि त्याचा प्रतिबंधही व्यक्तीने नोकरीच्या वेळेबाहेर, स्वतःच्या मनोनिग्रहाच्या बळावर करावयाचा असतो, हे ते गृहीतक होय. कामाच्या दिवशी जागेपणीचे निम्मे तास जेथे जातात, त्या कार्यस्थळाचा विचार या मांडणीत होत नाही. गेल्या सत्तर वर्षांतील संशोधनाने कामाची रचना आणि हृदयाचे आरोग्य यांचा संबंध वारंवार दाखवून दिलेला आहे. प्रस्तुत लेखात त्या संशोधनाच्या आधारे महाविद्यालय या कार्यस्थळाचा विचार केला आहे.

हृदयविकाराचे स्वरूप :

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या करोनरी धमन्यांच्या अस्तराखाली कोलेस्टेरॉलयुक्त मेदाचे थर हळूहळू साचत जातात. अशा थरावरील आवरण फाटले की त्या जागी रक्ताची गुठळी तयार होते, रक्तप्रवाह खंडित होतो आणि त्या प्रवाहावर अवलंबून असलेला स्नायू मृत होऊ लागतो. यालाच व्यवहारात हृदयविकाराचा झटका म्हणतात. झटका काही मिनिटांत येत असला तरी त्यामागील प्रक्रिया दशकानुदशके चाललेली असते. कोरियन युद्धात मृत्युमुखी पडलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. या सैनिकांचे सरासरी वय अवघे २२ वर्षे होते आणि तरीही तीन चतुर्थांशांहून अधिक जणांच्या करोनरी धमन्यांत विकाराच्या खुणा आढळल्या. म्हणजे पदवीच्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याच्या वयातच ही प्रक्रिया सुरू झालेली असू शकते.

भारतीयांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. भारतासह ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. धूम्रपान, रक्तातील मेदांचे असंतुलन, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा वाढलेला घेर, मानसिक-सामाजिक ताण, आहारातील फळे-भाज्यांची उणीव, शारीरिक हालचालीचा अभाव आदी नऊ घटकांनी पहिल्या झटक्याचा सुमारे ९० टक्के धोका स्पष्ट होतो, असे त्यातून दिसून आले. त्याच अभ्यासाच्या २००७ मधील विश्लेषणानुसार पहिला झटका येणाऱ्या दक्षिण आशियाई रुग्णांचे सरासरी वय ५३ वर्षे होते, तर इतर देशांतील रुग्णांचे सुमारे ५९ वर्षे. ही सहा वर्षे बहुधा नोकरीची वर्षे असतात, ही बाब येथे ध्यानात घ्यावी लागते.

लंडनच्या बसमधील दोन कर्मचारी :

कार्यस्थळ आणि हृदयविकार यांच्या संबंधाचा पद्धतशीर अभ्यास प्रथम जेरी मॉरिस या ब्रिटिश वैद्यकतज्ज्ञाने केला. लंडनच्या सार्वजनिक वाहतूक सेवेतील सुमारे ३१,००० पुरुष कर्मचाऱ्यांच्या नोंदींवर आधारलेले त्याचे निष्कर्ष १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी निवडलेले दोन गट अर्थपूर्ण होते. दुमजली बसचा चालक आणि त्याच बसचा वाहक एकाच संस्थेत, एकाच मार्गावर, जवळपास सारख्या आर्थिक स्थितीत काम करीत. चालक आपल्या पाळीचा बहुतांश वेळ आसनावर बसून काढी. वाहक मात्र तिकिटे देण्यासाठी दिवसभर वरखाली करी व पाळीत शेकडो पायऱ्या चढे. मुंबईत १९३७ साली दुमजली बस आली. त्या बसच्या अरुंद जिन्यावरून तिकिटांची पेटी सांभाळत चढणारा वाहक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या श्रमाची कल्पना सहज येईल.

वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा लक्षणीयरीत्या कमी आढळले. झटका आलाच तर त्यातून लवकर मृत्यू येण्याचे प्रमाणही त्यांच्यात कमी होते. टपाल खात्यातही असेच चित्र दिसले. पायी वा सायकलवरून पत्रे वाटणारे पोस्टमन हे कचेरीत बसणाऱ्या कारकुनांपेक्षा आणि दूरध्वनी विभागातील कर्मचाऱ्यांपेक्षा सुरक्षित होते. यांपैकी कोणीही आरोग्यासाठी व्यायाम करीत नव्हता. त्यांच्या कामातच तो अंतर्भूत होता.

या अभ्यासावर एक रास्त आक्षेप घेता येतो. मुळात सडपातळ व निरोगी माणसेच वाहकाचे काम पत्करीत असतील, तर फरक कामामुळे पडला की माणसांमुळे? हा प्रश्न मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्वतःच तपासला. कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या गणवेशाच्या मापांची नोंद संस्थेकडे होती. ती पाहता चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर वाहकांपेक्षा मोठा असल्याचे आणि हा फरक नोकरीच्या सुरुवातीपासूनच काही अंशी असल्याचे आढळले. १९५६ मध्ये त्यांनी ते प्रसिद्धही केले. स्वतःच्याच गाजलेल्या निष्कर्षाला मर्यादा घालणारा पुरावा शिंप्याच्या मापांत शोधण्याची ही वृत्ती संशोधनाचे मार्गदर्शन करणाऱ्यांनी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी अशी आहे. पुढील अनेक अभ्यासांत, शरीरबांधा व इतर घटक विचारात घेऊनही, हालचालीचा हृदयाला होणारा लाभ टिकून राहिला. मॉरिस २००९ मध्ये, वयाच्या ९९ व्या वर्षी निवर्तले.

बैठे काम आणि शरीर :

दीर्घकाळ बसून राहिल्यास शरीरात काय घडते, हे आता बऱ्याच अंशी ज्ञात आहे. मांड्या व पोटऱ्या यांचे मोठे स्नायू आकुंचन पावतात तेव्हा ते रक्तातील साखर उचलतात आणि या क्रियेचा काही भाग इन्सुलिनवाचूनही घडू शकतो. रक्तातील मेदाचे विघटन करणारे लायपोप्रोटीन लायपेज हे विकरही स्नायूंच्या हालचालीने क्रियाशील राहते. तासन्‌तास बसल्यावर या दोन्ही क्रिया मंदावतात. जेवणानंतर रक्तात आलेली साखर व मेद अधिक काळ तेथेच रेंगाळतात आणि धमन्यांच्या अस्तराला त्याची झळ पोहोचते. ऑस्ट्रेलियात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा प्रयोगात, दर वीस मिनिटांनी केवळ दोन मिनिटे चालल्यानेही जेवणोत्तर साखर व इन्सुलिन यांची पातळी कमी राहिल्याचे दिसले. जेवणानंतर शतपावली घालण्याची महाराष्ट्रातील जुनी रीत या निष्कर्षाशी जुळते, असे म्हणण्यास हरकत नाही. स्टाफरूममध्ये डबा खाऊन झाल्यावर लगेच संगणकापुढे बसण्याच्या आजच्या प्रथेविषयी मात्र तसे म्हणता येणार नाही.

सकाळी तासभर फिरून आल्यावर उरलेला दिवस बसून काढला तरी चालेल काय? सुमारे दहा लाख व्यक्तींच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. त्यानुसार दिवसाला आठ तासांहून अधिक बसणाऱ्यांमधील मृत्यूचा वाढीव धोका जवळपास नाहीसा होण्यासाठी दररोज ६० ते ७५ मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम लागतो. एवढा वेळ देणारे थोडेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची शिफारस केली आहे. हालचाल सलग किमान दहा मिनिटे असावी ही पूर्वीची अट आता काढून टाकली आहे, ही त्यातील दिलाशाची बाब. दोन मजले जिन्याने चढणे हेही आता हिशेबात धरले जाते. दररोज दहा हजार पावलांचा जो आकडा सर्वत्र ऐकू येतो, त्याचा उगम मात्र १९६० च्या दशकात जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावात आहे. त्याहून कमी पावलांनीही लाभ होतो, असे अलीकडील अभ्यास सांगतात.

महाविद्यालयात कोण किती बसतो? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत पूर्णवेळ अध्यापकाचा कार्यभार आठवड्याला ४० तासांचा धरला असून त्यांपैकी प्रत्यक्ष अध्यापन सहायक प्राध्यापकासाठी १६ तासांचे, तर सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक यांच्यासाठी १४ तासांचे आहे. अध्यापक वर्गात उभा असतो, फळ्यापाशी जातो-येतो. तेवढेच तास त्याच्या शरीराला हालचाल घडते. उर्वरित २४ ते २६ तास वाचन, संशोधन, उत्तरपत्रिका तपासणी, समित्यांच्या बैठका आणि नॅकसाठी माहिती भरणे यांत जातात व ही सर्व कामे बसून होतात. जी कागदपत्रे पूर्वी हातात घेऊन दुसऱ्या इमारतीत न्यावी लागत, ती आता संगणकावरून जातात. सोय झाली यात शंका नाही. परंतु चालणेही संपले. ग्रंथालयात फिरून संदर्भ शोधणाऱ्यापेक्षा पडद्यावर शोधणाऱ्याची पावले कमीच पडणार. कार्यालयातील लिपिकाची स्थिती त्याहून कठीण असते, कारण त्याच्या वाट्याला वर्गातील ते सोळा तासही येत नाहीत.

यावर उपाय खर्चिक नाहीत, पण ते वेळापत्रक करणाऱ्याच्या हातात असतात. लागोपाठचे तास निरनिराळ्या मजल्यांवर ठेवणे, दीड तासाची बैठक मध्ये पाच मिनिटे थांबविणे, मूल्यांकन केंद्रात ठराविक संख्येच्या उत्तरपत्रिकांनंतर उठण्याची मुभा देणे, भोजनाच्या सुटीतील पंधरा मिनिटे बैठकांसाठी न वापरणे, हे सर्व परिपत्रकाने होऊ शकते. जिन्यातील बंद पडलेला दिवा बदलणे हाही हृदयविकार-प्रतिबंधच होय. गुडघेदुखी वा अपंगत्व असलेल्या सहकाऱ्यांची सोय राखूनच हे करावयाचे असते, हे वेगळे सांगावयास नको.

दिसण्यात सडपातळ, तरीही धोक्यात :

अनेकांचा समज असा की, आपले वजन बेताचे असल्याने आपल्याला भीती नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ मध्ये स्वतःचीच छायाचित्रे शेजारी-शेजारी प्रसिद्ध केली. उंचीच्या प्रमाणात वजन दर्शविणारा बॉडी मास इंडेक्स दोघांचाही २२.३ होता. शरीरातील चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होते. भारतीयांच्या शरीरात, विशेषतः पोटाच्या पोकळीत, कमी वजनातही चरबी अधिक साठते, हे तथ्य यातून लख्खपणे पुढे आले. म्हणूनच दक्षिण आशियाई पुरुषांसाठी कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असा निकष आहे. वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप येथे अधिक खरे बोलते.

उपाहारगृह, तंबाखू आणि कायदा :

आहाराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे कार्यस्थळापुरतेच पाहू. जागतिक आरोग्य संघटना दररोज ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचविते. भारतीयांचे सेवन त्याहून बरेच अधिक आहे. वेफर्स, फरसाण, लोणचे, पापड यांतून ते नकळत जाते व रक्तदाब वाढवीत राहते. औद्योगिक ट्रान्स मेदावर जानेवारी २०२२ पासून तेले व मेदांमध्ये २ टक्क्यांची मर्यादा देशभर लागू झाली. तथापि कढईतील तेच तेल पुन्हा पुन्हा तापविण्याचा प्रश्न कायद्याने आपोआप सुटत नाही. उपाहारगृहाचा ठेका देताना पोहे, उसळ, ताक, केळी हे पदार्थ वड्या-समोशापेक्षा महाग पडणार नाहीत अशी अट घालणे महाविद्यालयाला सहज शक्य असते. ठेक्याच्या करारात सहसा केवळ भाडे आणि वीजबिलच असते.

तंबाखूच्या बाबतीत कायद्याची साथ अधिक भक्कम आहे. २००३ च्या कायद्याने शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांच्या विक्रीस मनाई केली. २ ऑक्टोबर २००८ पासून कार्यालयांसह सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदीचे नियम अमलात आले. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. परंतु महाराष्ट्रातील तंबाखू मुख्यत्वे धुराची नाही. ती चुन्याबरोबर मळून दाढेखाली ठेवली जाते वा मशेरी म्हणून लावली जाते. तोंडाच्या कर्करोगाची भीती सर्वांना ठाऊक असते, हृदयाची नसते. इंटरहार्टच्या विश्लेषणात केवळ तंबाखू चघळणाऱ्यांमध्येही पहिल्या झटक्याचा धोका दुपटीहून अधिक आढळला. धूम्रपानबंदीचा फलक लावून हा विषय संपत नाही तो यामुळे.

हुद्दा, ताण आणि हृदय :

‘हृदयविकार हा मोठ्या साहेबांचा आजार’ ही समजूत एके काळी जगभर होती. ती मोडून काढणारा अभ्यास लंडनमधील व्हाइटहॉल येथील सरकारी कर्मचाऱ्यांवर १९६७ मध्ये सुरू झाला. सुमारे १८,००० पुरुषांची तपासणी करून त्यांचा पुढे मागोवा घेण्यात आला. मायकल मार्मट आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये मांडलेले चित्र असे होते : सर्वांत खालच्या श्रेणीतील निरोपे, दारवान आदी कर्मचाऱ्यांत करोनरी विकाराने होणारे मृत्यू सर्वोच्च प्रशासकांच्या तिपटीहून अधिक होते. श्रेणी एकेका पायरीने खाली येई तसे मृत्यूचे प्रमाण वाढत जाई. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सर्व हिशेबात घेऊनही या फरकाचा निम्म्याहून कमी भाग स्पष्ट होत होता.

उरलेल्या भागाचा शोध घेण्यासाठी १९८५ मध्ये दुसरा व्हाइटहॉल अभ्यास १०,३०८ स्त्री-पुरुषांसह सुरू झाला. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेली एक कल्पना येथे उपयोगी पडली. कामाची मागणी मोठी असणे एवढ्यानेच ताण हानिकारक होत नाही. मागणी मोठी, पण काम कसे व केव्हा करावे यावर स्वतःचे नियंत्रण जवळजवळ नाही, ही स्थिती सर्वाधिक हानिकारक असते. स्वतःच्या कामावर अल्प नियंत्रण असलेल्यांत नवीन हृदयविकाराचे प्रमाण अधिक असल्याचे या अभ्यासातून १९९७ मध्ये मांडण्यात आले. अशा स्थितीत शरीर सतत सावध अवस्थेत राहते. ॲड्रेनलीन व कॉर्टिसॉल यांची पातळी, रक्तदाब व हृदयाची गती यांवर त्याचा परिणाम होतो, झोप उणावते आणि तंबाखू व चहाचा आधार घेतला जातो. लंडनच्या कचेरीतील निष्कर्ष जसेच्या तसे आपल्याकडे लावता येणार नाहीत, हे खरे. तरी इंटरहार्टमध्ये, म्हणजे भारतासह ५२ देशांत, कामावर सततचा ताण असल्याचे सांगणाऱ्यांतील झटक्याचा धोका ताण नसलेल्यांच्या दुपटीहून अधिक होता. कामाच्या तासांचाही यात वाटा आहे. आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यूचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा १७ टक्के अधिक असल्याचा अंदाज जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये संयुक्तपणे प्रसिद्ध केला.

ही कसोटी महाविद्यालयाला लावून पाहावी. प्राचार्यांवर जबाबदारी मोठी, परंतु दिवसाची आखणी बऱ्याच अंशी त्यांच्या हाती असते. परीक्षा विभागातील लिपिकाची अंतिम मुदत विद्यापीठ ठरविते, संकेतस्थळ बंद पडते, खिडकीपुढे विद्यार्थ्यांची रांग वाढते आणि या तिन्हींपैकी कशावरही त्याचा ताबा नसतो. शिपायाला कोणती घंटा केव्हा वाजेल हे ठाऊक नसते. तासिका तत्त्वावर काम करणारा अध्यापक एका महाविद्यालयातून दुसऱ्याकडे धावतो आणि पुढील जूनमध्ये आपले नाव यादीत असेल की नाही, याची त्याला शाश्वती नसते. ताणमुक्तीची कार्यशाळा मात्र बहुधा पूर्णवेळ अध्यापकांसाठी भरते. त्या वेळी लिपिक कार्यालयात असतो, शिपाई चहा देत असतो.

उपक्रमांत कोण येते?

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने २०१६ मध्ये आपल्या सुमारे ५,००० कर्मचाऱ्यांवर आरोग्यविषयक उपक्रमाचा यादृच्छिक प्रयोग केला. तपासणी, व्यायामाचे वर्ग, प्रोत्साहनपर रक्कम असे सर्व त्यात होते. ज्यांना उपक्रम देऊ केला आणि ज्यांना दिला नाही, त्या दोन गटांत वैद्यकीय खर्च व आरोग्यविषयक वर्तन यांत फारसा फरक आढळला नाही. जे स्वेच्छेने सहभागी झाले ते मुळातच अधिक निरोगी व कमी खर्चाचे होते. वाहकांच्या विजारींची गोष्ट येथे निराळ्या वेशात पुन्हा भेटते. योगशिबिरास जे येतात त्यांना शिबिराची गरज इतरांपेक्षा कमी असते. याउलट जिना, उपाहारगृहाचा करार, बैठकीची लांबी, कामावरील नियंत्रण हे बदल सर्वांपर्यंत पोहोचतात, मग कोणी नाव नोंदवो अथवा न नोंदवो. याचा अर्थ शिबिरे बंद करावीत असा नव्हे. महाविद्यालयाने आरोग्यासाठी काय केले, हे शिबिरांच्या छायाचित्रांवरून ठरवू नये, इतकाच तो आहे.

रक्तदाबाच्या तपासणीलाही हेच लागू पडते. उच्च रक्तदाबाची बहुधा कोणतीही लक्षणे नसतात, म्हणून तो मोजल्याशिवाय कळत नाही. शासकीय कार्यक्रमात ३० वर्षांवरील सर्वांची तपासणी अपेक्षित आहे. एक इलेक्ट्रॉनिक रक्तदाबमापक यंत्र प्राचार्यांच्या दालनात न ठेवता कार्यालयात सर्वांच्या हाताशी ठेवल्यास ते अधिक वापरले जाईल. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे, अर्धा तास आधी चहा व तंबाखू टाळावी, हात हृदयाच्या पातळीवर टेकलेला असावा. एकाच नोंदीवरून निदान होत नाही. निरनिराळ्या दिवशीच्या नोंदी १४०/९० किंवा त्याहून अधिक आल्यास डॉक्टरांकडे जाणे आवश्यक असते. पूर्णवेळ कर्मचारी त्यासाठी अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा घेऊ शकतो. तासिका तत्त्वावरील अध्यापकाचे मानधन तासावर असते. डॉक्टरांच्या वेळेसाठी तास बुडाला तर त्या तासाचे मानधनही बुडते.